अपडाऊनची गाडी

'अपडाऊन' हा शब्द इंग्रजीतून आलाय, पण तो एखाद्या इंग्रजाला कळेल असं वाटत नाही. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ पक्का आहे. नोकरी एका गावात, बिऱ्हाड दुसऱ्या गावात आणि रोज दोन वेळा त्यांच्यामधला रस्ता. लोणार तालुक्यातलं बीबी अशाच रस्त्यावरचं गाव. मेहकरहून सिंदखेड राजामार्गे जालन्याला जाणारा जुना रस्ता इथूनच जातो. या रस्त्यावर सकाळी साडेनऊला उभं राहिलं की लहान गाड्यांची रांग दिसते. ती कशी आली, याचा एक छोटासा इतिहास आहे.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते, म्हणजे ती नसण्यापासून! बुलडाणा जिल्ह्यात मुंबई-नागपूर लाईन घाटाखालून जाते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही त्यावरची स्टेशनं, आणि जलंबहून खामगावला एक फाटा. घाटावर रूळ चढलेच नाहीत. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिशांच्या काळापासूनची. म्हणजे घाटावरच्या माणसाला एसटीशिवाय गती नव्हती. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि १९५६ नंतर विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर तिचं जाळं आपल्याकडेही पसरलं. पण शेवटची गाडी गेली की गेली. म्हणून मास्तर, ग्रामसेवक, कंपाउंडर गावातच खोली करून राहायचे.

मग लुना, एम-८० आणि स्कूटर आल्या, पण बायको, पोर आणि पाऊस यांना एकत्र घेऊन स्कूटरवर किती जाणार? चारचाकी म्हणजे ॲम्बॅसॅडर किंवा फियाट, त्याही नंबर लावून मिळणार. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली एका ग्राहकाच्या हाती दिली, तिथून गणित बदललं. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन जपानी सुझुकीचं. रूप खेळण्यासारखं, पण सकाळी किल्ली फिरवली की सुरू होणार! अपडाऊनवाल्याला दुसरं काय हवं असतं? हजेरीपटाला गाडीची कारणं चालत नाहीत. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या होत्या. आमच्या भागात ती आली ती बहुतेक सेकंडहँड.

दुसरा धक्का पुण्यातून बसला. टाटांची इंडिका १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दिसली आणि वर्षाअखेरीस बाजारात आली. ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री जहाजांतून आणून पुण्यात बसवली होती. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या. कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये 'व्ही-टू' आणली. तिचं डिझेल इंजिन आपल्याकडे रुजलं, कारण पंप आणि ट्रॅक्टरमुळे डिझेल इंजिन उघडणारा मिस्त्री गावोगाव होताच. २००० मध्ये आल्टो आली. पुढे सहावा वेतन आयोग राज्यात २००९ मध्ये लागू झाला, आणि शिक्षकाच्या पगारात गाडीचा हप्ता बसू लागला.

आता गंमत बघा. कारखान्यातून सगळ्या गाड्या सारख्याच निघतात, पण महिन्याभरात कुठली कोणाची ते लांबून ओळखू येतं. आधी सीट कव्हर, मग उन्हाळ्यासाठी त्यावर टॉवेल, स्टेअरिंगला वेणी घातल्यासारखं कव्हर. डॅशबोर्डवर गजानन महाराज, कारण शेगाव आपल्याच जिल्ह्यात. मागच्या काचेवर 'जय जिजाऊ', 'जय भीम' किंवा 'आई-बाबांचा आशीर्वाद', आणि कोपऱ्यात मुलांची नावं. बंपरखाली काळी बाहुली. काचांना काळी फिल्मही असायची, पण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंद केली. बरेच जण याला हसतात. मला वाटतं, दिवसाचे दोन तास जिथे जातात ती जागा माणूस घरासारखी करणारच.

पण या सोयीची किंमत कोणी मोजली? गावात राहणारे गुरुजी संध्याकाळी पारावर दिसायचे. कोणाचं पत्र वाचून द्यायचे, अडलेल्या पोराला गणित सांगायचे. गाडी आली आणि पाच वाजता गुरुजी गेले. पुढे घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला जाऊ लागला. २०२२ मध्ये तर हा विषय विधानसभेत गाजला. गावकऱ्यांची बाजू मला खोटी वाटत नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही. नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या, मुलं शिकायला तिसऱ्या ठिकाणी, असं घर चालतं ते या डब्यासारख्या गाडीवर. कितीतरी बायकांनी आडगावची नोकरी सोडली नाही, कारण शेवटच्या एसटीची धास्ती संपली. २०२१-२२ चा एसटीचा संप महिनोन्महिने चालला, तेव्हा तर याच गाड्यांत पाच-पाच जण पेट्रोलचे पैसे वाटून जायचे.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तोही याच भागातून जातो. तिथे दुचाकीला बंदी आणि कारला ताशी १२० ची मर्यादा. (नातेवाईक मंडळींना एक विनंती, जुने टायर घेऊन त्यावर चढू नका.) म्हणजे अपडाऊनचं अंतर अजून लांबणार, आणि आज तालुक्याला राहणारे गुरुजी उद्या छत्रपती संभाजीनगरला राहतील.

रेल्वे आली असती तर डब्यात सगळे एकत्र बसले असते. ती आली नाही, म्हणून ज्याने त्याने आपापला डबा घेतला. ज्यांना घेता आला नाही, ते आजही बीबीच्या फाट्यावर एसटीची वाट बघतात.

असो. तुमच्या घरातली पहिली लहान गाडी कुठली होती, आणि मागच्या काचेवर काय लिहिलं होतं? नक्की कळवा.