मृत्यूची वार्ता डॉक्टरांपर्यंत पोहोचली तेव्हा

जानेवारी २०१७. अमेरिकेतील सॅन डिएगो काउंटीत शेकडो डॉक्टरांच्या हाती एक सरकारी पत्र पडले. आशय थोडका होता: आपण ज्या व्यक्तीस औषध लिहून दिले होते, ती मरण पावली आहे, डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचा अतिरेक तिच्या मृत्यूस कारणीभूत ठरला अथवा त्यास हातभार लावून गेला.

यामागे दोन दशकांची कहाणी होती. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले आणि अफूवर्गीय वेदनाशामकांचा सुळसुळाट झाला. त्याच्या व्यसनजोखमीविषयी दिशाभूल केल्याचे पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केले. पण तोवर डॉक्टरांची लेखणी त्या वळणास सरावली होती. २०१६ साली सीडीसी या केंद्रीय संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना वाचून सवय सुटते थोडीच!

खरी अडचण निराळी होती. बरे वाटलेला रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतो, आभार मानतो. दगावलेला रुग्ण फक्त पुढल्या भेटीस येत नाही. जे चटकन आठवते तेच वारंवार घडते, असे मन धरून चालते, हे ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९७३ मध्येच मांडले होते. डॉक्टरांच्या स्मरणात मृत्यू नव्हतेच. मग जोखीम कोठून दिसावी?

जेसन डॉक्टर (आडनावच तसे, गृहस्थ मूळचे मानसशास्त्रज्ञ) यांनी नेमके येथे बोट ठेवले. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या काउंटीच्या मेडिकल एक्झामिनर कार्यालयातील जोनाथन लुकास यांची त्यांना साथ मिळाली. वर्षभरातील १७० मृत्यू आणि त्या व्यक्तींना औषधे लिहून देणारे ८६१ वैद्यकीय व्यावसायिक निवडले गेले. कोणत्या मृत्यूंची पत्रे धाडायची, हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. पत्रात आरोप नव्हता, धमकी नव्हती. सुरक्षितपणे औषध कसे लिहावे आणि राज्याची औषधनोंद कशी तपासावी, एवढेच सांगितले होते.

२०१८ साली 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापून आले. पत्र मिळालेल्यांनी पुढील तीन महिन्यांत लिहिलेल्या अफूवर्गीय औषधांची मात्रा इतरांच्या तुलनेत ९.७ टक्क्यांनी घटली. नव्या रुग्णांस ही औषधे सुरू करण्याचे प्रमाणही उतरले. घट प्रचंड नव्हे. पण बंदी नाही, दंड नाही, केवळ टपालखर्च, हे ध्यानात घेता ती लहानही नव्हे.

तुलनेसाठी बाजूस ठेवलेल्या डॉक्टरांना मात्र त्या काळात पत्र गेले नाही. त्यांच्या लेखी ते रुग्ण बहुधा पुन्हा न आलेले रुग्णच राहिले.