डब्ल्यूगेट : उतरवलेली फाइल नेमकी जाते कुठे?

महाजालावरून एखादी फाइल उतरवून घ्यायची, तर बहुतेकांना ब्राउझर पुरतो. मात्र शेकडो फायली रात्रभरात उतरवायच्या असतील किंवा केवळ टर्मिनलवरून दूरचा सर्व्हर हाताळायचा असेल, तर लिनक्सचे वापरकर्ते 'डब्ल्यूगेट' या आज्ञावलीकडे वळतात. क्रोएशियाच्या ह्र्वोये निकशिच याने १९९६ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे ती 'ग्नू' प्रकल्पाचा भाग बनली आणि आजही वापरात आहे.

ब्राउझरप्रमाणे डब्ल्यूगेटला 'डाउनलोड्स' असा ठरलेला फोल्डर नसतो. टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडे असेल, तेथेच फाइल उतरते. त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर नव्या फाइलच्या नावामागे टिंब व १ हा आकडा लागतो. जुनी फाइल शाबूत राहते. दुसऱ्या फोल्डरमध्ये फाइल हवी असल्यास हायफनपुढे कॅपिटल पी लिहून फोल्डरचा मार्ग द्यावा. तो फोल्डर अस्तित्वात नसला, तरी डब्ल्यूगेट तो तयार करते. हाच फोल्डर कायमचा करायचा असेल, तर होम फोल्डरमधील 'डॉट डब्ल्यूगेटआरसी' या फाइलमध्ये 'डिर अंडरस्कोर प्रीफिक्स' अशी नोंद करता येते.

खरा धोका आहे तो कॅपिटल ओ या पर्यायात. 'फाइलला हे नाव दे' एवढाच त्याचा अर्थ असावा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात 'जे जे येईल ते या फाइलमध्ये ओत' अशी ती आज्ञा आहे. त्यामुळे दहा पीडीएफचे पत्ते एकदम दिले, तर दहाही फायली एकापाठोपाठ एक जोडून एकच निरुपयोगी फाइल हाती येते. त्याहून वाईट गोष्ट अशी, की त्या नावाची जुनी फाइल उतरवण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच रिकामी केली जाते. रोज रात्री आपोआप एखादी प्रत उतरवून घेण्याची व्यवस्था अशा आज्ञेवर बेतलेली असेल आणि सर्व्हर नेमका त्या रात्री बंद असेल, तर सकाळी नवी प्रतही नाही आणि जुनीही नाही, उरते ती शून्य बाइटची फाइल. यावर उपाय सोपा आहे. आधी तात्पुरत्या नावाने फाइल उतरवावी आणि काम यशस्वी झाले तरच ती जुन्या फाइलच्या जागी हलवावी. कॅपिटल ओ दिल्यावर कॅपिटल पी निष्प्रभ ठरते, हेही ध्यानात ठेवावे. फोल्डरसह पूर्ण मार्ग ओ पुढेच लिहावा लागतो, आणि येथे फोल्डर मात्र आपोआप तयार होत नाही.

गोंधळात भर घालते ती 'कर्ल' ही तितकीच लोकप्रिय आज्ञावली. तिच्यात स्मॉल ओ म्हणजे वापरकर्त्याने दिलेले नाव आणि कॅपिटल ओ म्हणजे पत्त्यातीलच नाव. डब्ल्यूगेटमध्ये स्मॉल ओ दिल्यास त्या नावाच्या फाइलमध्ये केवळ कामाची नोंदवही लिहिली जाते! कर्लमध्ये फोल्डर सांगण्याचा स्वतंत्र पर्याय तर २०२० मध्ये आला.

संपूर्ण संकेतस्थळ उतरवताना डब्ल्यूगेट संकेतस्थळाच्या नावाचा फोल्डर करून त्यात मूळची सारी उतरंड उभी करते. हायफनपुढे स्मॉल एन व कॅपिटल एच लिहिल्यास संकेतस्थळाच्या नावाचा फोल्डर गळतो, तर 'कट-डर्स' या पर्यायाने वरचे हवे तितके फोल्डर वगळता येतात.

फाइलचे नाव कोण ठरवतो, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. सर्व्हर विनंती दुसऱ्या पत्त्याकडे वळवतो, तेव्हा आवृत्ती १.१२ पर्यंत डब्ल्यूगेट त्या दुसऱ्या पत्त्यातील नाव स्वीकारत असे. होम फोल्डरमध्ये काम करणाऱ्याच्या संगणकावर एखादा दुष्ट सर्व्हर याच वाटेने डॉट डब्ल्यूगेटआरसी फाइल टाकू शकत होता. २०११ मधील १.१३ आवृत्तीपासून मूळ पत्त्यातीलच नाव वापरले जाते. एचटीटीपीवरून एफटीपीकडे वळवण्याची पळवाट तेव्हा राहून गेली होती. ती २०१६ मध्ये १.१८ आवृत्तीत बुजवण्यात आली. सर्व्हरने सुचवलेलेच नाव हवे असेल, तर आता 'ट्रस्ट-सर्व्हर-नेम्स' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.