चुंबकाने सरकणाऱ्या सीमांची कुळकथा

कथिलाची कांडी वाकवताना जी करकर ऐकू येते, तिचे कारण यमलन हे आहे; म्हणजे प्रतिबलाखाली, एकक क्षेत्रावरील बळाखाली, स्फटिकाचा एक भाग एकाएकी वळतो आणि शेजारच्या भागाच्या आरशातील प्रतिबिंबासारखी मांडणी धारण करतो. अशा दोन जुळ्या भागांमधील सीमा सरकली की एक भाग वाढतो, दुसरा घटतो आणि धातूचा आकार बदलतो. ही सीमा चुंबकानेही हलवता येते, या शोधाची वंशावळ मात्र चुंबकीय मिश्रधातूंच्या घराण्यातून आली आहे.

जर्मनीतील फ्रिट्झ हॉयस्लर यांनी 1903 मध्ये तांबे, मँगनीज व ॲल्युमिनियम या स्वतः लोहचुंबकीय नसलेल्या धातूंपासून लोहचुंबकीय मिश्रधातू बनवला. त्याच घराण्यातील निकेल-मँगनीज-गॅलियम हा मिश्रधातू थंड केल्यावर त्याची घनाकृती जालकरचना सुमारे 202 केल्व्हिनला चतुष्कोणी होते, असे वेब्स्टर व सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले. मार्टेन्साइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या थंड अवस्थेत जुळे भाग विपुल असतात आणि प्रत्येक भागाचा आखूड अक्ष हीच त्याच्या चुंबकनाची सोपी दिशा असते. त्यामुळे ज्यांचा आखूड अक्ष बाह्य क्षेत्राच्या दिशेने असतो ते भाग इतरांना मागे सारून वाढतात आणि त्या दिशेने स्फटिक आखडतो.

उलाक्को, ओहँडली व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अमेरिकेत एकस्फटिकाच्या लांबीत अशा रीतीने 0.2 टक्का बदल नोंदवला. 2000 पर्यंत तो सुमारे 6 टक्क्यांवर आणि 2002 मध्ये, सोझिनोव्ह व सहकाऱ्यांच्या सप्तस्तरी रचनेच्या स्फटिकात, 9.5 टक्क्यांवर पोहोचला.

या प्रगतीचे मर्म प्रतिबलाच्या हिशेबात आहे. क्षेत्र कितीही वाढवले तरी चुंबकीय रेटा साधारण 3 मेगापास्कलपलीकडे जात नाही, म्हणून सीमा हलवण्यास लागणारे यमलन-प्रतिबल आणि बाहेरून दाबणारा भार यांची बेरीज त्याहून कमी असावी लागते. भार फार वाढला तर सीमा जागीच अडतात. बेताचा असेल तर क्षेत्र काढताच तोच भार स्फटिकाला पूर्वीच्या लांबीवर आणतो. पुढे, पंचस्तरी मार्टेन्साइटमध्ये पहिल्या प्रकारच्या यमलसीमेस सुमारे 1 मेगापास्कल, तर दुसऱ्या प्रकारच्या सीमेस त्याच्या दशांशाच्या आसपास प्रतिबल पुरते, असे आढळले. एकाच मिश्रधातूचे दोन नमुने इतके वेगळे का वागतात याचे उत्तर, म्हणूनच, रासायनिक घटकांइतकेच सूक्ष्मरचनेत शोधावे लागते, आणि उत्तम स्फटिक घडवणे म्हणजे योग्य प्रकारच्या सीमा घडवणे होय.