कॅचरचं चिलखत

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा सोलापुरातून फोन आला. "दादा, तुझ्या भाचीला बेसबॉलच्या टीममध्ये घेतलंय. कॅचर केलंय तिला. आता ते अंगावर घालायचं सगळं लागतंय म्हणे. पाच हजारात बसव बघ."

एवढं बोलून तिनं फोन भाचीच्या हातात दिला. भाची आठवीत आहे. तिनं एका दमात यादी म्हणून दाखवली : हेल्मेट, मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड, मिट. "मामा, लाल-काळा मॅचिंग सेट असतोय. सगळं एकात. लई भारी दिसतंय!" शाळेत एकच सेट, तोही मुलांच्या मापाचा, आणि त्याच्या मास्कचा पट्टा तुटलेला. पट्ट्याच्या जागी बुटाची नाडी बांधून सराव चालू आहे, हे तिनं जाता जाता सांगितलं. माझ्या मनात राहिली ती नाडीच.

आपल्याकडे बेसबॉल म्हटलं की लोक अमेरिकन सिनेमे आठवतात. पण महाराष्ट्रात शालेय क्रीडास्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळले जातात, मुलींचेही संघ असतात. मला मात्र या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून दुकानात जाण्याआधी जरा वाचायला बसलो. विकत काय घ्यायचं ते शोधायला गेलो आणि या चिलखताच्या इतिहासातच अडकलो. तेच इथे लिहितोय.

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, असं सगळे सांगतात. निम्मंच खरं आहे ते. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे १८.४४ मीटरवरून चेंडू फेकतो. आपलं क्रिकेटचं पिच २०.१२ मीटर. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ ते १६३. म्हणजे तसा फार फरक नाही. फरक आहे बसण्याच्या जागेत. वेगवान गोलंदाज आला की आपला कीपर पंधरा-वीस पावलं मागे जाऊन उभा राहतो. कॅचर कितीही जोरात चेंडू आला तरी बॅटच्या मागेच उकिडवा बसतो. चेंडू बॅटला निसटता लागून दिशा बदलला, तर पापणी मिटायलाही वेळ नसतो.

पूर्वी तेही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कॅचर बरेचदा मागे उभे राहत, उघड्या हातांनी टप्पा पडलेला चेंडू घेत. पिचर जोरात टाकायला लागले, कॅचर पुढे सरकले आणि दात, नाक, बोटं जायला लागली. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघात जेम्स टिंग नावाचा कॅचर होता. त्याच्यासाठी फ्रेड थेअर या त्याच्या सहखेळाडूनं तलवारबाजीच्या मुखवट्यावरून एक जाळीचा मुखवटा तयार करवून घेतला. १८७७ साली टिंग तो घालून मैदानात उतरला. पुढच्या वर्षी थेअरला त्याचं पेटंट मिळालं. आणि लोक काय म्हणाले? उंदराचा पिंजरा! पुरुषासारखा पुरुष आणि तोंड झाकतो म्हणून टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांपैकी कुणाला त्या जागी बसायचं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मग छाती. १८८० च्या दशकात हार्टफर्ड गावच्या विल्यम ग्रे नावाच्या माणसानं हवा भरून फुगवायचं छातीचं कवच तयार केलं. हाच ग्रे पुढे नाणं टाकून बोलायच्या सार्वजनिक फोनचा जनक ठरला. आपल्या पिढीनं लाल डब्यात रुपयाचं नाणं टाकून जे फोन केले, त्या डब्याचा आणि भाचीच्या चेस्ट गार्डचा मूळपुरुष एकच! वाचून मला फार गंमत वाटली. पण हे कवचही आधी पुष्कळ कॅचर शर्टाच्या आत लपवून घालत. दिसू नये म्हणून.

पायांची गोष्ट तर थेट आपल्या घरातून जाते. न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नाहन १९०७ च्या मोसमात पहिल्याच सामन्यात नडगीवर पॅड बांधून आला. ते पॅड क्रिकेटच्या पॅडवरून बेतलेले होते. प्रेक्षकांनी हुर्यो केली. पुढे सगळ्या कॅचरनी तेच केलं, हा भाग निराळा. त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, फ्रँक ग्रँट नावाचा काळा खेळाडू दुसऱ्या बेसवर उभा राहताना नडगीला लाकडी फळ्या बांधायचा असं सांगतात. कारण गोरे धावपटू मुद्दाम खिळ्याच्या बुटांनी त्याच्या पायांवर घसरत येत. काही चिलखतं चेंडूसाठी नसतात, माणसांसाठी असतात.

गळ्याचं कवच यायला १९७६ उजाडलं. डॉजर्स संघाचा कॅचर स्टीव्ह यीगर आपल्या बॅटिंगची पाळी येईपर्यंत बाजूला उभा होता. समोरच्या सहकाऱ्याची बॅट मोडली आणि तिची धारदार ढलपी यीगरच्या गळ्यात घुसली. तो वाचला. मग संघाचे ट्रेनर बिल ब्युलर यांनी त्याच्या मास्कला खाली एक झुलती पट्टी जोडून दिली. आज कित्येक मास्कच्या हनुवटीखाली जी जीभ लोंबते, ती हीच. आणि सगळं डोकं झाकणारा मास्क चार्ली ओब्रायन या कॅचरनं आइस हॉकीच्या गोलकीपरवरून उचलला आणि १९९६ साली मोठ्या लीगमध्ये आणला.

हे सगळं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. प्रत्येक तुकडा एक जखम उशिरा आला. आणि आला तेव्हा लोक हसले.

हा खेळ आपल्याकडे तेव्हाच का नाही आला? खेळाचं सामान विकणारा अल्बर्ट स्पाल्डिंग १८८८-८९ मध्ये बेसबॉलचे दोन संघ घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला होता. ऑस्ट्रेलियाहून तो कोलंबोला आला, तिथे सामना झाला आणि तिथून थेट इजिप्त. पिरॅमिडपाशी खेळले, पण भारत राहिला! आपल्याकडे राज्य इंग्रजांचं, त्यामुळे मैदानं क्रिकेट-हॉकीची आणि सामानही त्यांचंच. सियालकोटचे कारागीर ते करत. १९४७ ला फाळणीत त्यातले बरेच जण इकडे आले आणि जालंधर, मेरठ ही खेळाच्या सामानाची गावं झाली. आजही सोलापुरात खेळाच्या दुकानात गेलात तर क्रिकेटचं सामान छतापर्यंत. कॅचरचा सेट म्हटलं की, "मागवावं लागंल साहेब."

आता अप्पांबद्दल सांगायला हवं.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, एके काळी इथल्या एका गिरणीच्या संघात विकेटकीपर होते. पार्क मैदानावर खेळलेले. संघात ग्लोव्हज एकच जोडी, तीही आतून विरलेली. तळहाताला लागू नये म्हणून अप्पा आत चादरीच्या चिंध्या भरत. सोलापुरात चिंध्यांना काय तोटा! त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. समोरचे दोन दात खोटे आहेत. आजीला त्यांनी सांगितलं होतं की सिद्धेश्वराच्या देवळात पायऱ्यांवरून घसरलो. आम्हा भावंडांना लहानपणी ती करंगळी म्हणजे परमवीरचक्र वाटायची. शाळेत मित्रांना घरी आणून दाखवायचो.

मोठा झाल्यावर वाटेनासं झालं. १९९८ च्या फेब्रुवारीत रमण लांबा ढाक्यात गेले. ते शॉर्ट लेगला उभे होते. हेल्मेट घ्या म्हटलं तर षटकाचे तीनच चेंडू उरलेत म्हणून घेतलं नाही. चेंडू कानशिलावर लागला. लांबा जन्मले मेरठला, जिथे खेळाचं सामान बनतं त्या गावात. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, ढाक्यातच सबा करीमच्या डोळ्याला चेंडू लागला. तो कीपिंग करत होता, समोर कुंबळे. सबाची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. अप्पांची करंगळी वाकडी झाली आणि डोळा शाबूत राहिला, हे काही शौर्य नव्हतं. ते नशीब होतं.

तेव्हा पाच हजारांचं गणित मी असं मांडलं. लाल-काळ्या सेटचं नाव काढायचं नाही. जी जखम भरून येत नाही तिच्यावर आधी पैसे घालायचे. डोळे, डोकं, गळा पहिले. मग छाती. पाय आणि हात शेवटी. नडगीचं काळं-निळं आठ दिवसांत जातं.

छातीला दुसरा नंबर दिला त्याला कारण आहे. कोवळ्या वयात छाती लवचिक असते. हृदयाच्या ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी चेंडू बरोबर हृदयावर बसला, तर फार जोरात नसतानाही हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं. क्वचित होतं, पण होतं. नुसता जाड फोम त्याला पुरेलच असं नाही. म्हणून अमेरिकेत हायस्कूल बेसबॉलच्या कॅचरना २०२० पासून या धोक्यासाठी वेगळी चाचणी झालेलं चेस्ट गार्डच वापरावं लागतं. विकत घेताना त्यावर 'नॉक्सी' या संस्थेचा शिक्का बघायचा.

त्या शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूर गाठलं. रविवारी भाचीला घेऊन दुकानात. आधी क्रिकेटच्या सामानावर भागतंय का ते पाहिलं. तिला कीपिंगचे पॅड बांधून उकिडवं बसायला लावलं, तर ते गुडघ्याशी अडकून वर आले आणि पावलं उघडी राहिली. कॅचरच्या लेग गार्डला गुडघ्याशी सांधा असतो आणि पावलावर झाप असते, ती याचसाठी. कीपिंग ग्लोव्हजही चालेनात. कॅचरचा एक हात चेंडू फेकायला मोकळा लागतो.

मग दुकानदारानं मागवून ठेवलेले मास्क काढले. मी प्रत्येक वेळी तिला बसायला सांगायचो, मान जोरात डावी-उजवीकडे हलवायला लावायचो. मास्क फिरला की बाद. चेस्ट गार्ड घालून बसली की गळ्याच्या खळीशी फट राहते का ते बघायचो. "मामा, सगळे बघालेत," ती कुजबुजली. बघू देत म्हटलं.

शेवटी हेल्मेटसह मास्क नवा घेतला, गळपट्टीचा. निम्म्याहून जास्त पैसे त्यातच गेले. दुकानात एक जुना मास्क निम्म्या किमतीत होता, पण तो नको म्हटलं. मार खाल्लेल्या हेल्मेटची चीर बाहेरून दिसत नाही. उरलेल्या पैशांत चेस्ट गार्ड, शिक्का असलेलं. रंग निळा. तोंड जरा वाकडं झालं, पण घेतलं. लेग गार्ड बारावी होऊन गेलेल्या एका ताईचे जुनेच मिळाले. त्यांचे पट्टे चप्पल शिवणाऱ्या काकांकडून पन्नास रुपयांत नवे करून घेतले. मिट सध्या शाळेचंच. आणि शाळेच्या मास्कसाठी एक नवा पट्टा घेतला, कारण भाचीनंतरही तिथे कुणीतरी बसणारच आहे.

घरी आल्यावर तिनं सगळं अंगावर चढवलं आणि अप्पांसमोर जाऊन उकिडवी बसली. अप्पांनी मास्क हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. जाळीवरून ती वाकडी करंगळी फिरवली.

मी सहज म्हटलं, "अप्पा, तुम्हाला असलं काही मिळालं असतं तर दात वाचले असते."

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिळालं असतं तरी घातलं नसतं रे. हसले असते सगळे."

मी इतके दिवस समजत होतो की अप्पांकडे तेव्हा पैसे नव्हते. नव्हतेच. पण पैसे असते तरी त्यांनी घातलं नसतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. थेअरचा पिंजरा, शर्टाआड लपवलेलं कवच, लांबांचे तीन चेंडू आणि आमच्या अप्पांचे दोन दात, सगळं एकाच रांगेतलं.

भाचीनं मास्क परत घेतला, डोक्यावर चढवला आणि पट्टा स्वतःच आवळला. संध्याकाळी तो घालूनच ती गल्लीत गेली. पोरं हसली म्हणे. ही पण हसली.

असो. येत्या हिवाळ्यात तिचे सामने आहेत. अप्पांना घेऊन जाणार आहे.