आजीव सभासद (डेक्कन एज्युकेशन सोसायटी)

आजीव सभासद : पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत 1884 पासून रूढ झालेली अध्यापकसेवेची व संस्थाचालनाची पद्धती. ‘आजीव सदस्य’ असेही म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत मात्र ‘लाइफ मेंबर’ हाच शब्द चालतो. ठरावीक आणि बेताच्या पगारावर किमान 20 वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन देणारा, आणि त्याच नात्याने संस्थेच्या कारभारात मत असणारा शिक्षक म्हणजे आजीव सभासद. शब्दाने आयुष्यभराचा वाटला तरी करार 20 वर्षांचाच. वचन देणारे बहुतेक जण पंचविशीच्या आसपासचे आणि त्या काळचे आयुर्मान तोकडे असल्याने अनेकांच्या बाबतीत तो शब्दशः आजीव ठरला.

1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर थोड्याच काळात येऊन मिळाले. 1882 च्या मार्चमध्ये चिपळूणकर वारले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. शाळेचा सारा भार दोन-चार माणसांच्या खांद्यावर असला की काय होते, हे मंडळींनी दोनच वर्षांत पाहिले होते. 24 ऑक्टोबर 1884 रोजी सोसायटी स्थापन झाली, त्यामागे ही धास्तीही असली पाहिजे. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि धारप हे सात जण पहिले आजीव सभासद. 2 जानेवारी 1885 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाने महाविद्यालय उघडले. शनिवार पेठेतला गद्रे वाडा ही त्याची पहिली जागा. चतुःशृंगीच्या रस्त्यावर, टेकडीच्या पायथ्याशी असलेली दगडी इमारत नंतरची.

पद्धतीचे नियम मोजकेच होते. पगार महिना 75 रुपये, सगळ्यांना सारखा. प्राचार्य झाला म्हणून कोणाचे पारडे जड होत नसे. प्रत्येकाचा 3,000 रुपयांचा आयुर्विमा. सरकारी महाविद्यालयातल्या गोऱ्या प्राध्यापकाला याच्या कित्येक पट पगार मिळे. आपण मोठ्या पगाराची आशा धरणार नाही, पोटापुरते मिळवून बाकी वेळ लोकांच्या कामी लावू, असे आगरकरांनी आईला कळवल्याची गोष्ट मराठी मुलांना शाळेतच सांगितली जाते. ती सांगताना एक भाग बहुधा राहून जातो. या 75 रुपयांबरोबर मालकीही येत होती. रोजचा कारभार आजीव सभासदांच्या मंडळाकडे असे. शिक्षक कोण घ्यायचा, कोणता वर्ग कोणाकडे द्यायचा, रजा द्यायची की नाही, वर्गणी गोळा करायला कोणी हिंडायचे, हे सारे तेच ठरवत. वर नियामक मंडळ होते आणि त्यात बाहेरची प्रतिष्ठित माणसे होती, तरी संस्था चालवायची शिकवणाऱ्यांनीच. त्यामुळे या महाविद्यालयात कोणी आला, गेला किंवा रजेवर निघाला की त्याची हजेरीपटावर नोंद होऊन भागत नसे. मालकांपैकीच एक कमी-जास्त होई आणि घडी नव्याने बसवावी लागे.

टिळकांचा राजीनामा हे याचे सर्वात मोठे उदाहरण. सर्वसाधारण वाचक तो टिळक-आगरकर मतभेदांच्या खात्यावर टाकतो : आधी राजकीय की आधी सामाजिक, या वादात दोन मित्र फाटले, वगैरे. ते खरेच आहे. आगरकरांनी 1887 मध्ये ‘केसरी’ या वृत्तपत्राचे संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पण सोसायटीच्या बैठकांत जो वाद पेटला, तो नोकरीच्या शर्तींचा होता. पगार वाढवायचा का? अडीअडचणीला एखाद्या सभासदाला जादा रक्कम द्यायची का? फावल्या वेळात पाठ्यपुस्तके लिहून किंवा दुसरे काम करून मिळालेला पैसा कोणाचा? टिळकांचे म्हणणे कडक होते. जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेची; सर्वांना सारखे आणि गरजेपुरते. दुसऱ्या बाजूला घरसंसार असलेली माणसे होती. आगरकरांना दम्याने गाठले होते, आपट्यांचे कोशकार्य चालू होते, तरुण गोपाळ कृष्ण गोखले अंकगणिताचे पुस्तक तयार करत होते. वर्तमानपत्र चालवणे हे बाहेरचे काम की घरचे, हा अवघड प्रश्नही होताच. तो टिळकांनाही विचारता आला असता. अखेरची ठिणगी पडली ती गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले म्हणून. टिळकांनी 15 डिसेंबर 1890 च्या प्रदीर्घ राजीनाम्यात सारा इतिहास मांडला. आपल्याकडे शिक्षकी पेशातल्या अटींवर इतक्या बारकाईने लिहिलेला कागद त्याआधीचा क्वचितच सापडेल. तो राष्ट्रीय चरित्राचा भाग म्हणून वाचला जातो. सेवाशर्तींचा दस्तऐवज म्हणूनही वाचायला हवा.

टिळक गेले तेव्हा पहिली पंचाईत झाली ती गणिताच्या तासाची. गोखल्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातल्या आपल्या एका वर्गबंधूला पत्र घातले. धोंडो केशव कर्वे तेव्हा मुंबईत दोन-तीन शाळांतून गणित शिकवत होते. पत्नी राधाबाई 1891 साली वारल्या होत्या. त्याच वर्षी कर्वे पुण्याला आले, पुढच्या वर्षी आजीव सभासद झाले आणि 1914 पर्यंत त्यांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले, 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि काही वर्षांनी तो गावाबाहेर हिंगण्याला नेला. दिवसभर वर्गावर फळा, आणि संध्याकाळी चिखलाच्या वाटेने पायी हिंगणे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. टिळकांच्या कडक अर्थाने पाहिले तर ही वेळेची चोरीच. सोसायटीने ती होऊ दिली, आणि 1916 चे महिला विद्यापीठ या सवलतीच्या पोटी जन्मले, असे म्हणायला हरकत नाही. कर्व्यांनी आपल्या संस्थेसाठी निष्काम कर्ममठ उभारला, त्यातले सेवकांचे व्रत ओळखीचे वाटते ते आजीव सभासदांच्या वचनामुळेच.

गोखले विसाव्या वर्षी, 1886 मध्ये आजीव सभासद झाले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो वर्ग रिकामा असेल तो त्यांच्या गळ्यात पडे. सांगाल तो विषय शिकवणारा प्राध्यापक, अशी त्यांची ख्याती झाली. लहान महाविद्यालयात काम केलेल्याला यातले कौतुक कळेल आणि त्यामागची ओढाताणही. सोसायटीचे चिटणीस म्हणून सुट्ट्यांत गावोगाव फिरून इमारतीसाठी पैसा जमवणे हे वेगळेच. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला 1897 मध्ये ते इंग्लंडला गेले, 1899 मध्ये मुंबई कायदेमंडळावर आले. 1902 मध्ये महाविद्यालयातून निवृत्त झाले तेव्हा वय 36. तीन वर्षांनी त्यांनी भारत सेवक समाज स्थापला. अल्प निर्वाहवेतन, दीर्घ मुदतीचे वचन, सामुदायिक शिस्त ही तिथली चौकट फर्ग्युसनच्या शिक्षकांच्या खोलीतून उचललेली आहे.

प्राचार्यपदाचा इतिहास मुख्यतः वयांमुळे चकित करतो. पहिले प्राचार्य आपटे सव्विसाव्या वर्षी त्या खुर्चीत बसले. 1890 मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश निघाला आणि 1892 मध्ये, चौतिशीत, ते गेले. त्यांच्या जागी आगरकर आले. 17 जून 1895 रोजी तेही गेले, चाळिशीही न गाठता. मग 1902 पर्यंत ‘ब्राह्मण आणि त्यांची विद्या’ या पुस्तकाचे कर्ते गोळे. त्यांच्यानंतर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. तेही आपट्यांसारखेच सव्विशीत. फर्ग्युसनचे विद्यार्थी, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले, 1899 मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय. मोठ्या पगाराच्या जागा मिळण्यासारख्या असताना परतून 75 रुपयांवर रुजू होणे ही त्या काळची केवढी बातमी होती! 1921 मध्ये ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. पुढे लखनौ आणि पुणे या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू. गणितज्ञ गणेश सखाराम महाजनी हे नंतरचे प्राचार्यही याच वाटेने राजपुताना आणि दिल्ली विद्यापीठांच्या कुलगुरुपदी पोहोचले.

संस्थेचा पसारा वाढला तशी या पद्धतीत एक नवी गोष्ट शिरली : बदली. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय 1919 चे, पुण्यातले बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय 1943 चे, दादरचे कीर्ती महाविद्यालय 1954 चे. गद्रे वाड्यात सर्व सभासद एका चटईवर बसून निर्णय घेऊ शकत. तीन शहरांत विखुरल्यावर ते शक्य नव्हते. सोसायटीबाहेरही ही पद्धत पोहोचली : पुण्यातच शिक्षण प्रसारक मंडळीने आजीव सदस्यांची पद्धत आपलीशी केली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत तिला निराळे, ग्रामीण वळण मिळाले.

पद्धतीचे आर्थिक हाड मोडले ते सरकारी वेतन अनुदानाने. महाविद्यालयीन शिक्षकांचे पगार शासनाच्या तिजोरीतून, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीप्रमाणे मिळू लागल्यावर आजीव सभासद आणि शेजारच्या टेबलावरचा साधा प्राध्यापक यांच्या पगारपत्रकात फरक उरला नाही. त्याग सर्वांसाठीच संपला, हे चांगलेच झाले. 75 रुपयांची आठवण काढून आजच्या शिक्षकाला लाजवणारी भाषणे गुरुपौर्णिमेला होतात, ती ऐकवत नाहीत. पण सेवेच्या बदल्यात मिळणारा कारभाराचा हक्क थोड्यांकडेच राहिला, आणि ‘लाइफ मेंबर’ या शब्दाचा अर्थ हळूहळू सत्ता असलेला माणूस असा होत गेला. शिपाई, कारकून, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातले सेवक यांना तर या मंडळात जागा कधीच नव्हती. महाविद्यालयाच्या इतिहासात त्यांची नावे शोधायची तर पगाराची जुनी रजिस्टरे उघडावी लागतात.

फर्ग्युसन महाविद्यालय मुंबई विद्यापीठाकडून 1949 मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडे आले, 2016 मध्ये स्वायत्त झाले. स्वायत्त महाविद्यालयाला नियामक मंडळ, विद्या परिषद, अभ्यास मंडळे, अर्थ समिती नेमाव्या लागतात. परीक्षा घरच्या घरी घ्याव्या लागतात, म्हणून परीक्षा नियंत्रक हे पद येते आणि त्याची झोप जाते. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 ने स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. अध्यक्ष संस्थेचा, सदस्य-सचिव प्राचार्य, शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन प्रतिनिधी, त्यांत किमान एक महिला, शिक्षकेतरांचा एक. प्राचार्याची नेमणूक आता पाच वर्षांची, आणि कामगिरी पाहून आणखी एकदा पाच.

शिक्षकांच्या खोलीत आजही शिपाई एक लांबट वही घेऊन फिरतो. प्राचार्यांची सूचना वाचायची, नावापुढे सही करायची, पुढच्याकडे सरकवायची. अनेक ठिकाणी व्हॉट्सॲपचा गट असूनही ती टिकून आहे, कारण सही असलेला कागद लागतो. तिची पाने चाळली की आजच्या महाविद्यालयाचे सेवकवृत्त समोर येते : अमुक यांची सहयोगी प्राध्यापकपदी स्थाननिश्चिती, तमुक यांना पीएच.डी.; ‘कॅस’च्या म्हणजे पदोन्नतीच्या फायली जेडी ऑफिसला, म्हणजे शिक्षण सहसंचालकांकडे, शुक्रवारपूर्वी; आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घेणे; कार्यालय अधीक्षकांचा निरोप समारंभ, दुपारी चार वाजता, सर्वांनी उपस्थित राहावे. मधेच एखाद्या पानावर, तासिका तत्त्वावर घेतलेल्या म्हणजेच सीएचबीच्या शिक्षकांची यादी. त्यांना तासाप्रमाणे मानधन, वर्षाअखेरीस सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. वहीत त्यांची नावे बहुधा शेवटी, पेनाने वाढवलेली असतात. छापील यादी आधीच्या वर्षी तयार झालेली असते.