हिरव्याचं पिवळं होताना: बोईसरचं मैदान, पालघरचं गवत आणि वसईची जुनी गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी झाली आहे, आधीच सांगतो. दोन भागांत टाकणार होतो, पण दुसरा भाग कोणी वाचत नाही हा अनुभव आहे.

गेले पंधरा दिवस आमच्या बोईसरच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. वस्तीमागचं मैदान. नकाशात ते हिरव्या रंगात आहे. ते आता पिवळं होणार, म्हणजे रहिवासी विभागात जाणार आणि तिथे सात मजली इमारती उभ्या राहणार, असं बोललं जातंय. कागद अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी ग्रुपमध्ये तीन तट पडलेत.

पहिला तट आमच्यासारख्या जुन्या रहिवाशांचा. मैदान वाचवा, पोरांनी खेळायचं कुठे, म्हाताऱ्यांनी फिरायचं कुठे. दुसरा तट भाड्याने राहणाऱ्यांचा. आमच्या शेजारच्या वहिनी बारा वर्षं एका खोलीत राहतात, दर अकरा महिन्यांनी करार आणि दर करारात भाडं वाढलेलं. त्यांनी सरळ लिहिलं, "दादा, तुमचं घर झालं म्हणून तुम्हाला मैदान दिसतं. आमचं घर कधी होणार?" यावर बरेच अंगठे आले. आणि तिसरं मत एकाच माणसाचं होतं. पलीकडच्या पाड्यावरचा, कंपनीत कंत्राटी कामाला जाणारा. त्याने लिहिलं, "मैदान कधी झालं? माझा आजा तिथे गवत कापायचा."

या तिसऱ्या मताला कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून जमिनीचा जुना सातबारा काढला. नोंद आहे, वरकस. म्हणजे भाताचं खाचर नाही, डोंगरउतारासारखी गवताची, राबासाठी पालापाचोळा तोडायची, जमलं तर नाचणी-वरी घ्यायची जमीन.

आज आपण ज्याला मोकळी जागा म्हणतो ती आपल्या भागात कधीच मोकळी नव्हती. डहाणू-पालघर पट्ट्यातलं गवत हा मोठा धंदा होता. मुंबईच्या तबेल्यांना चारा लागायचा आणि तो इथून गासड्या बांधून रेल्वेने जायचा. गवत कापायला वारली, मालक सावकार-जमीनदार. १९४५ च्या वारली उठावात वेठबिगारीइतकाच हा गवताचा दरही मुद्दा होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या मागे उभ्या राहिलेल्या वारल्यांची मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड होता. शाळेत आम्हाला हे शिकवलं नाही. जिल्हा आमचाच, पण इतिहासाच्या पुस्तकात पानिपत.

म्हणजे ज्या हिरव्या रंगासाठी आम्ही आज सह्या गोळा करतोय, त्या रंगाखाली कुणाची तरी मजुरी होती. ती गेली तेव्हा ग्रुप नव्हता आणि हरकतीचा अर्जही नव्हता.

पुढचा टप्पा पालघरचा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. मुख्यालय कुठे बांधायचं? कोळगाव-नंडोरेच्या बाजूला शासकीय दुग्धविकास खात्याची मोठी जमीन होती. सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोकडे गेली. व्यवहार असा की सिडकोने जिल्हा मुख्यालयाच्या इमारती बांधून द्यायच्या आणि खर्च उरलेल्या जमिनीवर नवं शहर वसवून, भूखंड विकून काढायचा. १९ ऑगस्ट २०२१ ला मुख्यालयाचं उद्घाटन झालं. इमारती देखण्या आहेत, मी स्वतः तिथे दोनदा दाखल्यासाठी गेलोय, रिक्षाभाडं दाखल्यापेक्षा जास्त पडलं तो भाग वेगळा.

मला हा व्यवहार वाईट वाटत नाही. जिल्ह्याला कार्यालयं हवीच होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारी तिजोरीतून पैसे न काढता मुख्यालय उभं राहिलं ते गवताच्या जमिनीच्या जोरावर. हिरवी जमीन हीच रोकड, हा हिशेब तेव्हा जमला आणि जो हिशेब एकदा जमतो तो पुन्हा मांडला जातो. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं ते याच सिडकोच्या मैदानावर. ७६ हजार कोटींचं बंदर म्हटल्यावर जमिनीचे भाव आणि इमारतींचे बेत वाढणारच. त्याआधी २०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवून पालघर तालुका त्यात घेतलाच होता. आणि एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते. विरारला घर न परवडणारा माणूस आता गाडीत झोपून बोईसरला उतरतो.

आता बोईसर. इथे दोन बोईसर आहेत हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ ला सुरू झालं आणि त्याच्या कामगारांसाठी टॅप्स कॉलनी झाली. आखीव रस्ते, झाडं, मैदानं. सत्तरच्या दशकात एमआयडीसी आली. कारखान्यांसाठी प्लॉट आखले गेले, पण कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने राहायचं कुठे हे फारसं कोणी आखलं नाही. ते चाळमालकांनी आखलं. आमचे वडील आले तेव्हा एका खोलीत सहा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे. गाव शहराएवढं झालं तरी कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. अशा ठिकाणी जी चार मैदानं राहिली ती कुणी ठरवून नव्हे, विसरल्यामुळे राहिली.

ती कशासाठी लागतात हे आपण बोईसरवाल्यांनी कुणाला समजावून सांगायला नको. ८ मार्च २०१८ च्या रात्री एमआयडीसीत स्फोट झाला, आवाज कित्येक किलोमीटर गेला. आमच्या वस्तीतली झाडून सगळी माणसं त्या मैदानात येऊन उभी राहिली, कडेवर पोरं, कुणाच्या पायात चप्पल नाही. मग नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. दुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. इथेही भांडी वाजली की लोक बाहेर धावायचे, आणि बाहेर म्हणजे कुठे? मैदानात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिलं आलं होतं. परीक्षेत एवढे गुण आमच्या वर्गात कुणाला नव्हते! तर इथली मोकळी जागा म्हणजे बाग नव्हे. कारखाना आणि घर यांच्यातलं अंतर आहे ते.

मग वहिनींना काय सांगायचं? घरं नकोत? यासाठी वसईची गोष्ट बघावी लागते. जिल्हा आपलाच, आणि हाच प्रश्न तिथे पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वी येऊन गेला.

वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे केळी, पानवेली, फुलं, भाजी. विहिरीला आणि बावखलांना गोडं पाणी. बावखल म्हणजे जमीन उकरून केलेलं तळं, पावसाचं पाणी मुरवणारं आणि शेताला देणारं. १९८८ मध्ये सरकारने तिथला मोठा हरित पट्टा बांधकामासाठी खुला केला. १९९० मध्ये सिडकोला नियोजनाचं काम दिलं. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, पुढे होते 'सुवार्ता'चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. (तेच, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ मध्ये गेले.) मोर्चे निघाले, तसेच ढीगभर लेखी हरकतीही गेल्या. धर्मगुरू, शेतकरी, शिक्षक, बायाबापड्या. बिल्डरांच्या दहशतीचे ते दिवस होते, तेव्हा उघड नावानिशी सही करणं ही साधी गोष्ट नव्हती.

आज गास, निर्मळ, वाघोली, भुईगावकडे गेलात तर अजून वाड्या दिसतात. त्या आपोआप राहिल्या नाहीत.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण आंदोलनाच्या आठवणीत ती गळून जाते. विकास आराखडा शासनाने मंजूर केला २००७ मध्ये. म्हणजे मधली सतरा वर्षं भांडण, फाइल, कोर्ट. त्या सतरा वर्षांत मुंबईतून बाहेर पडणारी माणसं थांबली नव्हती. ती नालासोपाऱ्याला, पूर्वेला, नाल्याच्या काठाला, चाळमाफिया सांगेल तिथे राहायला गेली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजार. पश्चिमेचं हिरवं वाचलं ते चांगलंच झालं, पण गर्दी गेली कुठे याचं उत्तर नियोजनाने दिलं नाही, ते बेकायदा बांधकामाने दिलं. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महापालिका केली तेव्हा गावकरी रस्त्यावर आले, गावं वगळा म्हणून. शहर म्हणजे काय हे त्यांनी शेजारी पाहिलेलं होतं.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर एवढं पाणी होतं की अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधले प्रवासी बाहेर काढायला एनडीआरएफ आणावी लागली. पाणी मुरायच्या आणि वाहायच्या जागा बुजवल्या की ते कुठेतरी उभं राहतंच. आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या. ती जमीन डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित होती. खोटे कागद दाखवून घरं विकली गेली होती. दोन हजारांहून अधिक कुटुंबं रस्त्यावर आली. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर पोरं पुस्तकांच्या पिशव्या घेऊन ढिगाऱ्याजवळ बसलेली. ही घरं घेणारे कोण होते? आमच्या वहिनींसारखेच. आरक्षण मोडणाऱ्यांचं नुकसान शेवटी झालं ते तिथे राहायला गेलेल्यांचं.

म्हणून मला "मैदान की घरं" हा प्रश्नच कुणीतरी सोयीने मांडलेला वाटतो. बोईसरला बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेड आहेत, एक मजली जुन्या चाळी आहेत ज्यांच्या जागी चांगल्या चार मजली होऊ शकतात. तिथे चाळमालक, भाडेकरू, वारस सगळ्यांशी बोलावं लागतं, वेळ लागतो. मैदानाशी बोलावं लागत नाही. म्हणून पहिली नजर मैदानावर.

आणि नुसता हिरवा रंग आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी डहाणूचं उदाहरण. २० जून १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. पुढे सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण झालं. त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नाही म्हटलं. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ ला हो म्हटलं. तोपर्यंत धर्माधिकारी राहिले नव्हते. बाकी तुम्ही समजून घ्या.

आता कामाचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे विकास आराखड्यातला बदल कलम ३७ खाली होतो, प्रादेशिक आराखड्यातला कलम २० खाली. दोन्हीकडे नोटीस काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. कलम ३७ मध्ये मुदत एक महिन्याची आहे. नोटीस राजपत्रात येते आणि पेपरात अशा कोपऱ्यात येते की शेजारी हरवले आहेत-सापडले आहेत असतं. मागे एकदा दुसऱ्या एका जागेबद्दल मी एका कार्यालयात विचारायला गेलो तर "मुदत परवाच संपली" असं ऐकून परत आलो. कोणतं कार्यालय ते सोडा, चूक माझीही होती. त्यामुळे या वेळी तीन जणांनी पेपर वाटून घेतलेत, रोज कोणीतरी जाहिरातींचं पान बघतो.

हरकतीचा मसुदा मी लिहिलाय. त्यात तीन गोष्टी आहेत. मैदान आपत्तीच्या वेळी वस्तीची जमण्याची जागा म्हणून नोंदवावं. घरांसाठी आधी जुन्या चाळी आणि बंद शेड यांचा विचार व्हावा, आणि त्यात भाडेकरूंना हक्क असावा. तिसरी गोष्ट पाड्यावरच्या त्या भावाने सांगितली ती तशीच घातली, की मैदानाच्या कडेने त्यांची पाड्याकडे जायची वाट आहे आणि ती कुठल्याच नकाशात नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता मैदानातच बसणार आहोत, पिंपळाखाली. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा. पाड्यावरून सतरा सह्या आल्यात, आमच्या गल्लीतून चाळीस.

वहिनींनी अजून सही केलेली नाही. काल मसुदा दोनदा वाचला, भाडेकरूंच्या हक्काच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे दादा तुम्ही लिहिलंत, पण आमचा चाळमालक तुमचा मित्र आहे. त्याची सही आधी आणा." आज संध्याकाळी त्याच्याकडे जातोय.