दोन स्थलांतरें

संगणकाच्या इतिहासांत सन २०१६ चे फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्याजोगे आहेत. फेब्रुवारींत नेटफ्लिक्स कंपनीनें जाहीर केलें कीं, चित्रपट दाखविण्याच्या सेवेसाठीं उरलेलें स्वतःचें शेवटचें संगणकगृह आपण बंद केलें व ॲमेझॉनच्या पब्लिक क्लाउडवर गेलों. मार्चांत ड्रॉपबॉक्सनें जाहीर केलें कीं, ग्राहकांनीं ठेवावयास दिलेल्या फायलींचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आतां आपल्या स्वतःच्या यंत्रांवर आहे; पूर्वीं त्या ॲमेझॉनकडे असत. घरमालक एकच, एक बिऱ्हाड आंत आलें, दुसरें बाहेर पडलें. यांत शहाणा कोण, हें ठरविण्याची पुष्कळांस घाई होते. आम्हांस दोघांचाही हिशेब बरोबर वाटतो.

पब्लिक क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतींतलीं, भाड्यानें मिळणारीं यंत्रें. नांव मेघाचें, वस्तु मात्र लोखंडी कपाटें! ॲमेझॉननें हा व्यवहार २००६ सालीं सुरू केला. नेटफ्लिक्सला त्याची गरज संकटांतून कळली. ऑगस्ट २००८ मध्यें तिचा डेटाबेस बिघडला व तीन दिवस सभासदांस डीव्हीडी धाडतां आल्या नाहींत. त्यानंतरच्या स्थलांतरास सात वर्षें लागलीं, कारण नुसतें सामान हलवावयाचें नव्हतें. एका अजस्र प्रोग्रामाचे शेंकडों लहान, स्वतंत्र भाग करून तो जवळजवळ नव्यानें लिहावा लागला. नवें यंत्र मिळण्यास पूर्वीं कित्येक आठवडे लागत. आतां प्रोग्राम लिहिणारास तें मागतांच मिळूं लागलें व काम सरल्यावर परतही करतां येऊं लागलें. ज्या धंद्यांत रात्रीं गर्दी व पहाटे शुकशुकाट, त्यास भाड्याची सोय मानवते.

ड्रॉपबॉक्सची स्थिति उलट. ठेवलेली फाइल ठेवल्या जागींच राहते, आणि तिचें भाडें मात्र रोज चढतें. ठेव वाढत गेल्यावर कंपनीनें 'मॅजिक पॉकेट' नांवाची स्वतःची साठवणयंत्रणा उभारली. २०१६ व २०१७ या दोन वर्षांत खर्च सुमारें साडेसात कोटी डॉलरांनीं घटला. हा आंकडा पाहून कोणाही लहान कारखानदारानें उडी घेऊं नये. असली यंत्रणा लिहूं शकणारे कारागीर पदरीं असणें, ही त्या बचतीची पहिली किंमत होय.

आणि खरें पाहतां पूर्णपणें एका बाजूचा दोघांपैकीं एकही नव्हता. अमेरिकेच्या मानकसंस्थेनें २०११ सालीं हायब्रिडची व्याख्या केली: वेगळ्या राहूनही परस्परांस जोडलेल्या दोन किंवा अधिक व्यवस्था. अशा दोन चुली सांभाळण्यांत देखरेख दुप्पट होते, हें खरें; परंतु ओझ्याची जात जेथें पालटते तेथें चुली आपोआप वेगळ्या होतात. नेटफ्लिक्सचा प्रेक्षक चित्रपट निवडीपर्यंतचें सारें काम ॲमेझॉनच्या यंत्रांवर चालतें; पण त्यानें बटण दाबलें कीं चित्रपट येतो तो नेटफ्लिक्सच्याच 'ओपन कनेक्ट' पेट्यांतून, ज्या २०१२ पासून ती ठिकठिकाणच्या इंटरनेट कंपन्यांकडे ठेवीत आली आहे. ड्रॉपबॉक्सनें तर फायलींची सूची प्रारंभापासून आपल्याच घरीं ठेविली होती. आणि घर सोडल्याची वार्ता सांगतांनाच तिनें हेंही जाहीर केलें कीं, मागणी करणाऱ्या युरोपीय व्यापारी ग्राहकांसाठीं जर्मनींत ॲमेझॉनचीच जागा आपण नव्यानें भाड्यानें घेणार.